नकार आला, मग मेहनत वाया गेली का?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १४

कुठलंही काम घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत इथे सांगतात. अधिष्ठान म्हणजे ते घडण्याची जागा, करणारा, त्याची साधनं, त्याचे प्रयत्न आणि पाचवं दैव. दोनच श्लोकांनंतर ते म्हणतात, जो स्वतःला एकट्यालाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही.

मित्रांनो, हे अमेरिकेतल्या प्रवेशांना लावून बघा. मार्चच्या शेवटी आयव्ही लीगचे निकाल लागतात. समजा, एक मुलगी राज्य पातळीवर पोहते, अभ्यासातही पुढे आहे. तरी हार्वर्डचा नकार येतो. घरात एकच प्रश्न, "आपण कुठे कमी पडलो?"

आयव्ही लीगची आठही विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. पण प्रशिक्षक मोजक्या खेळाडूंची शिफारस करू शकतो. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात बाहेर आलेल्या आकड्यांत अशा खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. एकूण अर्जदारांत आज हे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे यादीत नाव नसेल, तर पदकं अर्जातली आणखी एक ओळ होऊन बसतात. आणि यादी ठरते संघाच्या गरजेवर. यंदा बटरफ्लायवाली हवी की ब्रेस्टस्ट्रोकवाली? पदवी घेऊन किती जणी बाहेर पडतायत? आमच्या भाषेत सांगायचं तर कोड बरोबर आहे, सर्व्हरवर जागा नाही.

मग सगळं दैवावर टाकायचं का? नाही. २०१९ मध्ये उघडकीला आलं, की काही श्रीमंत पालकांनी लाच देऊन आपल्या मुलांना खोटंच खेळाडू म्हणून दाखवलं होतं. येलचा एक फुटबॉल प्रशिक्षकही त्यात सापडला. त्याला दैव म्हणणं म्हणजे अधर्मावर पांघरूण घालणं. तिथे जाब विचारायलाच हवा, आणि न्यायालयाने तो विचारलाही. पण संघात जागाच नसणं हे अधिष्ठान आहे. त्यात कुणाचं पाप नाही, आणि त्या मुलीचा कमीपणाही नाही.

खरी परीक्षा मात्र प्रवेश मिळालेल्याची असते. नकार आला तर नशीब आणि प्रवेश मिळाला तर माझी मेहनत, हा हिशोब गीतेत बसत नाही. पाच कारणं दोघांनाही सारखीच लागू. हे ज्याला कळलं, तो नाकारलेल्याकडे वरून बघणार नाही, आणि नाकारलेला स्वतःला खाली बघणार नाही. पहाटेच्या थंड पाण्यात कमावलेला दम आणि शिस्त तर कुठलीच समिती परत मागू शकत नाही.

आज एवढंच करून पाहूया. आपल्या एखाद्या यशाची पाच कारणं कागदावर लिहायची. त्यातलं "मी" किती उरतं, ते शांतपणे बघायचं.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥