फुकटाचे ऋण

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण हसत हसत म्हणतो; परंतु या विनोदात आपल्या स्वभावाचे एक मर्म दडले आहे. विकत आणलेल्या वस्तूचे मोल आपल्याला पक्के ठाऊक असते. फुकट मिळालेल्या वस्तूचे मोल कोणी चुकते केले, हा प्रश्न मात्र आपण सहसा मनात येऊ देत नाही. चैत्राच्या उन्हात पाणपोईवर ओंजळ धरणाऱ्या वाटसरूला निदान पाणी ओतणारा हात तरी दिसतो. इंटरनेटच्या पाणपोईवर तो हात दिसत नाही.

पण तो असतो खचित. शेतकऱ्याला आज आपला सातबारा ‘महाभूलेख’ या सरकारी संकेतस्थळावर पैसा न मोजता पाहता येतो. त्याचा खर्च तुम्हीआम्ही कराच्या रूपाने भरलेला असतो. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्यातले लेख अनोळखी माणसांनी फावल्या वेळात, मानधनावाचून लिहिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज तो घरबसल्या विनामूल्य वाचता येतो. फार काय, हे जाळे विणण्याची विद्याच जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेने १९९३ साली सर्वांना खुली करून टाकली.

कित्येक सेवांचे पैसे जाहिरातदार देतात. तेथे आपण आपले लक्ष आणि आपली माहिती मोजून देत असतो. तो रोखीचा व्यवहार आहे. तेथे कृतज्ञतेपेक्षा सावधपणा बरा. परंतु जे खरोखरच कोणाच्या तरी श्रमातून आपल्यापर्यंत आले, त्याचे ऋण कोणाला फेडायचे?

आपल्या पूर्वजांनी माणसाच्या माथी जी तीन ऋणे सांगितली, त्यांत ऋषिऋण एक आहे. ते ऋषींना पैसे देऊन फिटत नाही, अध्ययनाने फिटते. मी शिक्षक असल्यामुळे त्यात अध्यापनही धरतो. मिळालेले पुढे दिले, की फेड झाली.

आता एक उदाहरण घ्या. एखादी वृद्ध बाई सातबाऱ्यासाठी गावातल्या संगणकाच्या दुकानात जाते. डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्याला सरकारी शुल्क आहे. कागद, वीज आणि वेळ यांची मजुरी दुकानदाराने अवश्य घ्यावी. परंतु ‘आजी, नुसता पाहायचा असेल तर पैसे पडत नाहीत’ हे वाक्य त्याने गिळले, तर? श्रमाचे घ्यावे, अज्ञानाचे घेऊ नये. या दोहोंमधली रेघ कायद्यात सापडत नाही. ती ज्याची त्याने मनात ओढायची असते.

आणि दुकानदाराकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. त्या आजीच्या घरी, शेजारी शिकलेली माणसे असतातच. त्यांना वाट ठाऊक असते. सांगायला वेळ नसतो. दुकानदार बोलत नाही तो लोभाने. आपण बोलत नाही ते आळसाने. आजीच्या पदरी मात्र फळ एकच पडते.

दिवाळीला मुले पुण्यामुंबईहून घरी येतात. फराळ झाल्यावर त्यांनी घटकाभर आजीजवळ बसावे आणि सातबारा आपण न उघडता तिच्या बोटांनी उघडू द्यावा. आपल्या गावावरचा विकिपीडियातला लेखही जरूर वाचावा. चूक दिसली तर हसून पुढे न जाता दुरुस्त करावी. पाणी पिऊन निघताना आपल्याही हातचा एक तांब्या रांजणात पडावा, एवढेच.