दाभोशाचा एकांत

एकट्यानं भटकायला आवडतं, हे मी आजवर काहीशा गर्वानं सांगत आलो. कसाऱ्याला लोकल सोडायची, खोडाळा-मोखाडा करत एसटीनं जव्हार गाठायचं, मग डांबरी रस्ता टाळून पाड्यापाड्यांतून चालत दाभोशाकडे निघायचं. लेंडी नदी तिथे जवळजवळ तीनशे फूट खाली कोसळते. भर पावसात कड्याच्या अलीकडे बसलं की पाण्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नाही, आणि ऐकावंसंही वाटत नाही. या एकांतावर मी जगतो, असं मित्रांना सांगायचो. अलीकडे तो एकांत मला तितकासा निर्मळ वाटत नाही. का, ते शोधायला हवं.

ही ओढ मुळात माझी नव्हेच. ती यलोस्टोनच्या चित्रांतून आली. गरम पाण्याची उंच कारंजी, धबधबे, आणि त्यांच्यासमोर पाठीवर पिशवी घेतलेला एकुलता एक माणूस. आपल्याकडे तशी कारंजी नाहीत. जवळात जवळ म्हणजे वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं, आणि तिथे माणसं सहकुटुंब अंघोळीला जातात. त्यामुळे माझ्या स्वप्नाला धबधब्यावरच भागवावं लागलं. पुढे केव्हातरी यलोस्टोनचा इतिहास वाचला. 1872 मध्ये ते जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि काही वर्षांतच तिथे राहणाऱ्या शोशोनी लोकांना बाहेर काढून राखीव वस्त्यांत नेलं गेलं. वर पर्यटकांना सांगण्यात आलं की कारंज्यांच्या भीतीनं आदिवासी या भागात फिरकतच नसत. म्हणजे त्या चित्रातलं निर्जनपण मुद्दाम घडवलेलं होतं.

जव्हारला मला असं कुणी काही सांगितलं नाही. ते काम मी स्वतःच करत होतो. फोटो काढताना इरलं पांघरलेली बाई चौकटीबाहेर जाईपर्यंत थांबायचं, खाचरात वाकलेली माणसं येणार नाहीत असा कोन शोधायचा. घरी आल्यावर फोटो पाहून मलाच वाटायचं, वा, काय शांतता आहे!

खरी गोष्ट अशी, की मी जातो तेव्हा जव्हार-मोखाडा वर्षातून सर्वाधिक भरलेलं असतं. आषाढात आवणी सुरू असते. चिखलात भाताची, उतारावर नागली-वरईची. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी, सगळी घरं जागेवर असतात, कारण ही शेती पावसावरची आहे. भात घरात आलं, दिवाळी उरकली, की पाडे रिकामे व्हायला लागतात. माणसं भिवंडी, वसई, ठाण्याकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. शिमग्याला चार दिवस येतात, पुन्हा जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात कित्येक पाड्यांत म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली पोरं तेवढी उरतात. एकांतच हवा असेल तर तो जानेवारीत तिथे भरपूर आहे. पण जानेवारीत मी कधी गेलो नाही. तेव्हा दाभोशाला पाहण्यासारखं फारसं पाणी नसतं.

दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. धबधब्याचे महिने हे इथले टंचाईचे महिने असतात. कणगीतलं धान्य संपत आलेलं, नवं पीक अजून शेतात, पावसानं वाट तुटलेली, आणि त्यातच आजारपणं. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं ते तिथल्या कुपोषणानं झालेल्या बालमृत्यूंमुळे. मी ज्या हिरवाईला भुलतो, तिच्यात अजून दाणा भरलेला नसतो, हे मला इतक्या पावसाळ्यांत कळलं नाही. डोळ्यांना दिसत होतं, मनाला विचारायचं नव्हतं.

एका पाड्यात पाऊस चुकवायला ओटीवर टेकलो होतो. म्हातारीनं विचारलं, "एकलाच फिरतोस? घरी कोनी नाय का तुला?" मी हसून म्हटलं, "सगळी आहेत आजी, मला आवडतं असं." तिला ते पटलं नसावं. तिनं नातवाला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं, बहुधा दयेपोटी. मी ज्याला स्वातंत्र्य म्हणून मिरवत होतो, ते तिला निराधारपण वाटलं. तिच्या घरातल्या माणसांना पांगावं लागतं, म्हणून तिला एकटेपणाचं कौतुक नसेल. मला तो परवडतो, कारण परतायला भिंती आहेत. त्या भिंतींतल्या विटा कुणी थापल्या असतील, हा विचार ओटीवरून उठल्यानंतर पुढच्या चढावर आला.

मोखाड्यातलं मध्य वैतरणा धरण 2014 मध्ये मुंबईसाठी पूर्ण झालं आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतात. हा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे, मीही गप्पांत मांडतो. मांडून झाला की बरं वाटतं. इथेच माझा स्वतःवर संशय आहे. अपराधी वाटण्यातही एक सुख असतं. आपण संवेदनशील आहोत याचा तो फुकटात मिळणारा दाखला. धबधबा पाहून भारावणं आणि पाडा पाहून हळवं होणं, दोन्हींत मीच मध्यभागी राहतो. त्या म्हातारीच्या कणगीत माझ्या हळवेपणानं पसाभर वरई पडत नाही.

मग जायचं सोडू का? तेही ढोंगच ठरेल, आणि न गेल्यानं कुणाचं काही भलं होत नाही. जानेवारीत रिकामे पाडे पाहायला गेलो तर ते आणखी वाईट, लोकांच्या हालांची सहल. मी जाणार आहे, पावसातच. वाटाड्या म्हणून गावातलाच माणूस घेईन आणि त्याला शहरात कामाचे देतो तसे पुरते पैसे देईन. त्यात घासाघीस करणार नाही, त्याला उपकारही म्हणणार नाही. फोटोतून माणसं वगळणार नाही. यानं फार काही बदलेल असा भ्रम मला नाही. गावात दिवाळीनंतर काम मिळणं हा खरा प्रश्न आहे. रोजगार हमीचा कायदा याच राज्यानं 1977 साली केला, आणि त्याची अंमलबजावणी मागणं हे माझ्यासारख्या मतदाराचंही काम आहे, फक्त मजुरांचं नव्हे.

जव्हारला पावसात जाणाऱ्यांना एवढीच विनंती: वाटेत जो भेटेल त्याला धबधबा किती लांब आहे हे विचाराच, पण दिवाळीनंतर तो कुठे असतो हेही विचारा. उत्तरात बहुधा तुमच्या घराजवळच्या गावाचं नाव येईल.