डांबर नसलेल्या वाटेची हौस

पुण्यातल्या हौशी सायकलस्वाराचा मोसम दसऱ्याच्या आगेमागे सुरू होतो. पावसाळाभर त्याने घरातच ट्रेनरवर घाम गाळलेला असतो, वजन दोन किलोंनी वाढलेलं असतं आणि हे दोन किलो नेमके कुठे बसलेत ते बोपदेव घाटात कळतं. घाटमाथ्यावरून सासवडच्या बाजूला डांबर सोडून मुरमाच्या वाटेला लागलं, की आणखी एक गोष्ट कळते. सराटे वाळलेत.

सराट्याची पिवळ्या फुलांची वेल पावसाळ्यात जमिनीला चिकटून पसरते. पुढे ऊन चढलं की फळं फुटून सुटी होतात आणि कशीही पडली तरी त्यांचा एखादा काटा आभाळाकडेच बघतो. अमेरिकेत या वनस्पतीला ‘पंक्चर-वेल’ म्हणतात, यातच सगळं आलं.

अशा कच्च्या, खडीच्या वाटेवरची पहिली शर्यत ही मुख्यतः सवयी मोडण्याची शर्यत असते. रोड सायकलच्या अरुंद टायरमध्ये नव्वद-शंभर पीएसआय हवा ठासणाऱ्याला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये पस्तीस-चाळीसवर थांबणं जिवावर येतं. पण नरम टायर दगड गिळतं. कडक टायर त्याच दगडावरून उडतं. हँडल घट्ट आवळलं तर सायकल घसरते, सैल धरलं तर ती आपली वाट आपण काढते. हे वाचून पटतं. तळहाताला फोड आल्यावर समजतं.

अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी २००६ साली मूठभर लोकांनी अशी २०० मैलांची शर्यत सुरू केली. तिथल्या टेकड्यांत गारगोटीसारखा धारदार दगड आहे, तो टायर चिरतो. २०२२ पासून ग्रॅव्हलची, म्हणजे खडीवरच्या सायकलिंगची, जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होते. पण या सगळ्याहून लक्षात राहतो तो इटलीतला ‘लेरोइका’. १९९७ मध्ये जुन्या सायकलींवरून काही हौशी मंडळी टस्कनीच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर निघाली, ती या रस्त्यांवर डांबर पडू नये म्हणून. त्यातूनच २००७ मध्ये व्यावसायिकांची ‘स्त्रादे बियांके’ जन्मली. आता ती मार्चमध्ये, मोसमाच्या तोंडावर होते.

आपल्याकडे नेमकं उलटं. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढेल तो ‘घाटांचा राजा’. तिथे मान चढाला आहे, मातीला नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, तेव्हा परदेशी संघ येणार म्हणून जिल्ह्यातल्या रस्त्यांवर नवं डांबर पडलं. शर्यत पाच दिवसांत संपली, रस्ते गावाकडे राहिले. गावकऱ्यांच्या दृष्टीने खरं बक्षीस तेच.

इथे हौशी माणसाची पंचाईत होते. ज्या कच्च्या रस्त्यासाठी तो पहाटे पाचला उठतो, त्याच रस्त्यावरून बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असतं, टोमॅटोचे क्रेट मार्केट यार्डात पोचेपर्यंत शाबूत ठेवायचे असतात. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० साली सुरू झाली ती याच वाटा पुसून टाकायला. टस्कनीतला डांबराला असलेला विरोध सुंदर आहे, पण तो इथे मांडायचा तर आधी एकदा टोमॅटोच्या टेम्पोत बसून यावं. आणि तरीही, अंजिराच्या बागांमधून जाणाऱ्या त्या लाल पट्ट्यावर सायकल सुटली की त्याला डांबर आठवतही नाही, हेही तितकंच खरं.

चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, “केवढ्याला घेतली?” तो किंमत निम्मी करून सांगतो, तरी ऐकणारा भुवया उंचावतो. मग चाकावरची लाल धूळ बघून दुसरा प्रश्न येतो, “एवढी भारी सायकल, अन् तिकडनं कशाला आलात? खालून चांगला रस्ता आहे की.”