जांबवंताचे ऋण

निष्काम भावनेने सेवा करणाऱ्याचा गौरव करावा की करू नये, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटला, तरी मुळात तो धर्मविचाराचा आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सत्कार, मान आणि पूजा यांच्या इच्छेने केलेले तप राजस, म्हणजे रजोगुणातून उपजलेले व म्हणून अस्थिर, ठरवले आहे. त्याच अध्यायात परतफेड करू न शकणाऱ्याला केवळ कर्तव्य म्हणून दिलेल्या दानास सात्त्विक म्हटले आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील आखाड्यांत, तसेच कबड्डी व खो-खोच्या मैदानांवर नोकरीतून वा शेतीतून मोकळे झाल्यावरही वर्षानुवर्षे राबणारे जे ज्येष्ठ कार्यकर्ते आहेत, त्यांच्या बाबतीत ही दोन्ही वचने समोरासमोर उभी राहतात. त्यांची सेवा सात्त्विक मानून तिचा सत्कार करावा, तर सत्कारानेच ती राजस होईल अशी शंका येते. आणि ती शंका मानून गप्प राहावे, तर समाज कृतघ्न ठरतो.

ही सेवा नेमकी कोणती, हे आधी नीट पाहिले पाहिजे, कारण प्रेक्षकाला तिचा फार थोडा भाग दिसतो. आखाड्याच्या हौद्यातील माती उकरून तिच्यात तेल, ताक व हळद मिसळणे, मैदानावर फक्की मारणे, वर्गणीसाठी दुकाने पालथी घालणे, प्रवेशिका व वयाचे दाखले वेळेत पोहोचवणे, यात्रेतल्या दंगलीत तोलामोलाच्या जोडी ठरवणे, आणि मुलीला खेळू द्यावे म्हणून तिच्या वडिलांची समजूत काढायला पुन्हा पुन्हा त्यांच्या घरी जाणे, अशी ही कामे आहेत. त्यांत घरी आलेल्या संघाला भाकरी-भाजी करून वाढणाऱ्या वयस्क स्त्रियांचे श्रमही मोजले पाहिजेत. ते कोणत्याही मंडळाच्या अहवालात लिहिले जात नाहीत, ही या क्षेत्राची जुनी उणीव आहे.

निष्काम कर्माचा विचार खानदेशाला परका नाही. अमळनेर येथे श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. आणि धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, अठरा रविवारी, विनोबा भावे यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली, जी अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी लिहून घेतल्यामुळे टिकली. या प्रवचनांत विनोबांनी कर्म, विकर्म आणि अकर्म या तीन संज्ञांची जी मांडणी केली, ती येथे उपयोगी पडते. कर्म म्हणजे बाहेरून दिसणारी क्रिया, विकर्म म्हणजे तिच्या जोडीने चाललेली मनाची आतली साधना. आणि ही दोन्ही एकत्र आली, की कर्माचा भार उरत नाही, त्या अवस्थेला अकर्म म्हणायचे. सत्तरी ओलांडलेला वस्ताद पहाटे कोणी न सांगता आखाडा उघडतो, तेव्हा त्याला त्या कामाचे ओझे का वाटत नाही, याचे उत्तर या मांडणीत मिळते.

मात्र येथेच एक चूक सहज होते. फलत्याग ही कर्त्याने स्वतःच्या मनाला लावून घ्यायची शिस्त आहे. ज्यांना त्याच्या कर्माचे फळ मिळाले, त्यांना ती कृतज्ञतेतून सूट देत नाही. देणाऱ्याने अपेक्षा ठेवू नये आणि घेणाऱ्याने विसरू नये, ही दोन वेगवेगळ्या व्यक्तींची दोन वेगवेगळी कर्तव्ये आहेत. पालीतील अंगुत्तर निकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या एका प्राचीन संग्रहात, जगात दुर्मीळ अशा दोन व्यक्ती सांगितल्या आहेत : कोणी काही करण्याआधी स्वतः उपकार करणारा, आणि केलेला उपकार जाणून तो बोलून दाखवणारा. दोघांना एकाच वाक्यात बसवण्यामागे खोल विचार आहे. पहिला दुसऱ्याची वाट पाहत नाही, म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही. ‘त्यांना कुठे काही हवे असते’ असे म्हणून ज्येष्ठांचा रिक्षाखर्चही त्यांच्याच खिशातून जाऊ देणारी मंडळे निष्काम कर्माचे नाव घेऊन अन्याय करतात, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण वाल्मीकींच्या रामायणात आहे. किष्किंधाकांडाच्या शेवटी वानरसेना समुद्रासमोर हताश बसली असता वृद्ध जांबवंत आपल्या तरुणपणीच्या बळाची आठवण सांगतो, आता नव्वद योजनांपलीकडे उडी जाणार नाही असे मान्य करतो, युवराज अंगदाला स्वतः जाण्यापासून परावृत्त करतो, आणि एका बाजूला मुकाट बसलेल्या हनुमंतास त्याच्या जन्माची व सामर्थ्याची जाणीव करून देतो. समुद्र लंघला जातो तो हनुमंताच्या बळाने, पण ते बळ जागे होते जांबवंताच्या शब्दाने. पुढे युद्धकांडात, बाणांनी जर्जर होऊन डोळे उघडणेही कठीण झालेला हाच जांबवंत विभीषणाला आधी हनुमंताची खुशाली विचारतो. रामाविषयी का विचारले नाही या प्रश्नावर, हनुमंत जिवंत असेल तर सेना मरूनही जिवंत आहे, अशा आशयाचे उत्तर देतो, आणि त्यालाच औषधींसाठी हिमालयाकडे धाडतो. स्वतःची मर्यादा ओळखणे, योग्य तरुणाला हेरणे, आणि आपल्या जखमांपेक्षा त्याच्या असण्याची चिंता अधिक करणे, हे मैदानावरील ज्येष्ठाचे संपूर्ण लक्षण या दोन प्रसंगांत आले आहे. आखाड्यात शेंदूर लावलेला मारुती असतो आणि तो असावाच. जांबवंताची मूर्ती मात्र तेथे कोणी बसवत नाही.

जांबवंताच्या वागण्यातून एक कठोर अपेक्षाही निघते. तो स्वतः उडी मारण्याचा हट्ट धरत नाही. संघटनेची पदे दशकानुदशके अडवून नव्या माणसाला कागदालाही हात लावू न देणारे ज्येष्ठ काही ठिकाणी आढळतात, आणि त्यांच्याविषयीच्या आदरापोटी त्यांना प्रश्न न विचारणे ही कृतज्ञता नव्हे.

मग ऋण फेडायचे कसे? वैदिक परंपरेने मनुष्य जन्मतः ऋणी मानला असून तैत्तिरीय संहितेत ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत, तर शतपथ ब्राह्मणात मनुष्यांचे चौथे ऋण जोडले आहे. यांतील ऋषिऋणाची फेड लक्षात घेण्यासारखी आहे : ऋषीला काही परत दिल्याने ते फिटत नाही, तर त्याने दिलेली विद्या स्वतः शिकल्याने फिटते. याच न्यायाने वस्तादाचे ऋण शाल-श्रीफळाने फिटत नाही. ते त्याच्या मैदानावरचे काम हाती घेतल्याने फिटते. शाल देऊ नये असा याचा अर्थ नाही. ती माणूस हयात असताना, त्याच्याच मैदानावर, त्याने घडवलेल्या मुलामुलींच्या हातून दिली जावी. राजकीय भाषणांच्या रांगेत शेवटी उरकलेला सत्कार न केलेला बरा.

चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली, आणि खानदेशातल्या मातीतून काय उगवू शकते हे राज्याने पाहिले. अशी गदा एखाद्याच्याच वाट्याला येते. पण राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेल्या पाच टक्के आरक्षणाचा, किंवा दहावी-बारावीला मिळणाऱ्या क्रीडागुणांचा, लाभ घेणारे कितीतरी आहेत, आणि त्यांच्या हातातील प्रमाणपत्रामागे कोणीतरी वेळेवर भरलेली प्रवेशिका आणि कोणीतरी आखलेले मैदान आहे. त्या लाभार्थींनी आठवड्यातली एक संध्याकाळ आपल्या जुन्या मैदानाला द्यावी, तिथल्या ज्येष्ठाच्या हातून फक्कीची पाटी आपल्या हाती घ्यावी, आणि त्याला बसायला सावलीत एक खुर्ची द्यावी.