पांढऱ्या डागाला व्हिनेगर नको

चि. निनाद,


तुझ्या बॉल पायथनचा फोटो पोचला. देखणा आहे. तुझ्या आईने ‘शी, काहीतरीच!’ म्हणून फोन माझ्याकडे सरकवला, तेव्हा उत्तर मीच देते. इथे नाग-धामण पाळायची म्हटली तर १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो. तुम्ही डॅलसला पाळलाच आहे, तर त्याची उस्तवार नीट करा.

तू म्हणतोस, त्याच्या पेटीच्या काचेवरचा पांढरा डाग व्हिनेगरने घासूनही जात नाही. जाईल कसा? तो डाग मुळात आम्लाचाच. नको असलेला नायट्रोजन आपण युरियाच्या रूपात, भरपूर पाण्यात विरघळवून टाकतो. साप पाण्याच्या बाबतीत महाकंजूष. तो हाच नायट्रोजन युरिक आम्ल आणि त्याचे क्षार, म्हणजे युरेट, अशा जवळजवळ कोरड्या रूपात टाकतो. काळपट भाग ही त्याची शी आणि शेजारचा खडूसारखा पांढरा गोळा ही शू. विल्यम प्राउट नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८१५ साली बोआ जातीच्या सापाची विष्ठा तपासली, तर तिच्यात सुमारे ९० टक्के युरिक आम्ल निघालं! तुझ्या काकांच्या अंगठ्यात ठणकतं, तेही हेच.

शंभर मिलिलीटर पाण्यात हे आम्ल जेमतेम ६ मिलिग्रॅम विरघळतं. त्यावर व्हिनेगर ओतलंस की युरेटचंही पुन्हा युरिक आम्ल होतं, म्हणजे काम आणखी अवघड. इथे अल्कली हवी. सापाला आधी दुसऱ्या बंद डब्यात हलव. ओला भुसा आणि गोळा पेपर टॉवेलने उचलून टाक. मग कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून त्यात टॉवेल भिजव आणि डागावर दहा-पंधरा मिनिटं पसरून ठेव. हातात मोजे घाल, सोडा त्वचेला झोंबतो. टॉवेल उचललास की कड फुगून सुटलेली दिसेल. जुन्या प्लास्टिक कार्डाने ती अलगद निघते. खाण्याच्या सोड्यानेही जमेल, पण तो सौम्य आहे, वेळ लागेल. पाण्याच्या वाडग्यावर जे पांढरं कडं धरतं, ते मात्र जड पाण्यातल्या चुन्याचं. तिथे खुशाल व्हिनेगर वापर. दोन्ही डाग पांढरेच, म्हणून फसायला होतं.

आता ब्लीच. ते घाणीवर थेट ओतायचं नाही, याची कारणं दोन. ब्लीचला घाण आणि जंतू यांत फरक कळत नाही. घाण जाळण्यातच त्याचा क्लोरीन संपतो आणि जंतू शाबूत राहतात. दुसरं कारण जास्त गंभीर. युरेटमध्ये अमोनियाचे क्षार असतात, विष्ठा कुजली की अमोनिया वाढतो, आणि ब्लीच व अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनचा विषारी वायू सुटतो. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले तर सरळ क्लोरीनच. म्हणून आधी धू, स्वच्छ पाण्याने खळबळून काढ, मगच एक भाग ब्लीचला नऊ-दहा भाग पाणी घेऊन काच दहा मिनिटं ओली ठेव. खिडक्या उघड्या असू देत. पुन्हा धू, कोरडी कर आणि वास पूर्ण गेल्याशिवाय सापाला आत सोडू नकोस. ब्लीचऐवजी क्लोरहेक्सिडीन वापरलंस तर साबणाचा अंशही मागे राहता कामा नये. साबण त्याला निकामी करतो.

आई तिकडे आली की फिनाईल मागेल. देऊ नकोस. फिनॉल आणि पाइन तेल सापांना बाधतं. सीडरचा सुगंधी भुसाही त्याच कारणाने नको, अ‍ॅस्पेनचा चालेल.

आणि तुमच्या छोट्या ईराचं. ठणठणीत दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना तो जड जातो. ती तर आत्ता तीनची. तिला सापाला हात लावू देऊ नकोस. पेटी, वाडगा, काहीही स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नकोस, त्यासाठी बादली-घासणी वेगळी ठेव. आणि सापाला हात लावलेल्या प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे, मोजे घातले होते तरी.

एक राहिलं. साप खाल्लेलं वारंवार ओकायला लागला, पोटाचा मधला भाग फुगलेला दिसला, तर क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची शंका घ्यायला हवी. नेहमीच्या ब्लीचला तो दाद देत नाही. तेव्हा मला फोन करत बसू नकोस, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे त्याला घेऊन जा.

तुझी,
सुमामावशी