रोजी : कसोटी की प्रशस्तिपत्र?

मागे एका शुक्रवारी बेंबळीच्या मशिदीत जुम्याच्या नमाजनंतर पेढे वाटले गेले. गावातील एका तरुणाला जवळजवळ तीन वर्षांच्या शोधानंतर चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि दोन दिवसांनी तो सामान घेऊन तिकडे निघणार होता. त्याच्या वडिलांनी पेढ्यांचा पुडा माझ्यासमोर धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. म्हणाले, "मौलाना, अल्लाहने आमची इज्जत राखली. पोरासाठी दुआ करा." मी हात उचलले आणि दुआपूर्वी दोन वाक्ये बोललो. सबर करणाऱ्याला अल्लाह रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. या मुलाने सबर केला, त्याला त्याचे फळ मिळाले. सर्वांनी आमीन म्हटले.

मंडळी पांगली तरी एक दुसरा तरुण मागे थांबला. तो याच मुलाबरोबर शिकलेला, त्याच बसने त्याच मुलाखतींना जाऊन आलेला. त्याला मात्र नोकरी लागलेली नव्हती. पेढा त्याच्या हातात तसाच होता. घरच्या दखनीत त्याने हळू आवाजात जे विचारले, त्याचा आशय असा : "मौलाना, त्याची इज्जत अल्लाहने राखली, मग माझी का घालवली? माझा सबर कुठे कमी पडला?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून "इन्शाअल्लाह तुझेही होईल" असे म्हणालो. पण ते उत्तर नव्हते, ती सुटका होती. घरी येऊन विचार करू लागलो, तेव्हा जाणवले की त्याच्या प्रश्नाचे मूळ माझ्याच दोन वाक्यांत होते. नोकरी हे सबराचे फळ असेल, तर ज्याला ती मिळाली नाही त्याने सबर केला नाही, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. हे मी मिंबराजवळ उभा राहून बोललो होतो. ती चूक दुरुस्त करण्यासाठी हा लेख.

दिव्य कुरआनच्या सूरह अल-फज्रमध्ये (आयत १५ ते २०) माणसाच्या एका जुन्या समजुतीचे वर्णन आहे. पालनकर्ता जेव्हा माणसाला मान आणि सुखसंपत्ती देतो, तेव्हा तो म्हणतो की माझ्या पालनकर्त्याने माझा सन्मान केला. आणि जेव्हा त्याची उपजीविका आखडती करतो, तेव्हा तो म्हणतो की माझ्या पालनकर्त्याने मला अपमानित केले. या दोन्ही उद्गारांवर कुरआनचा एकच निर्णय येतो : मुळीच नाही! येथे एक गोष्ट डोळ्यांत भरते. देण्यासाठी आणि आखडते घेण्यासाठी, दोन्ही ठिकाणी कुरआनने परीक्षा घेणे हेच क्रियापद वापरले आहे. मिळणे ही परीक्षा आणि न मिळणे हीदेखील परीक्षाच. प्रश्नपत्रिका वेगळ्या असतील, निकाल मात्र दोघांचाही अजून लागलेला नाही.

सबराबद्दलही असेच आहे. सूरह अल-बकरामध्ये (आयत १५३) अल्लाहने सबर करणाऱ्यांच्या सोबत असल्याचे सांगितले आहे. सोबतीचे हे वचन नोकरीच्या हमीपेक्षा फार मोठे आहे, पण ती नोकरीची हमी नव्हे. लगेच पुढे (आयत १५५) भय, भूक आणि जीवित-वित्त-पिकांच्या हानीने कसोटी होईल, असेही सांगितले आहे. सबर म्हणजे मोबदल्यासाठी भरलेले हप्ते नव्हेत.

मराठी भाषेत आपण 'मला नोकरी लागली' असे म्हणतो. झाडाला फळ लागते, तशी माणसाला नोकरी लागते. या वाक्यात 'मी' कर्ता नाही. मी केवळ घेणारा आहे. झाडाला पाणी घालणे, आळे करणे माणसाच्या हाती असते आणि ते त्याने केलेच पाहिजे. पण शेजारच्या झाडाला यंदा फळ धरले नाही, म्हणून त्याच्या मालकाने पाणी घातले नव्हते, असे कोणताही शहाणा शेतकरी म्हणणार नाही. रोजीच्या बाबतीत मात्र आपण हे सर्रास म्हणतो.

आणि पाऊसमान विसरून कसे चालेल? २०१८ साली केंद्र सरकारने विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठी आकांक्षित जिल्हा कार्यक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातून चार जिल्हे निवडले गेले : गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि त्या वेळी उस्मानाबाद म्हणून ओळखला जाणारा आपला धाराशिव. २००६ साली संसदेपुढे आलेल्या सच्चर समितीच्या अहवालानेही, नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुस्लिमांचे प्रमाण इतरांच्या तुलनेत कमी असल्याचे नोंदवले. शेती पावसावर, कारखानदारी दूरवर, ओळखी थोड्या. अशा ठिकाणच्या मुलाला तीन वर्षे काम मिळाले नाही, तर त्याच्या ईमानात खोट शोधण्याआधी आपण आपल्या सभोवतालाकडे पाहावे. १९७२ च्या दुष्काळात ज्या हातांनी खडी फोडली, ते हातही कष्टाळूच होते. त्या वर्षी त्यांची इज्जत कमी झाली होती, असे आज त्यांच्या नातवंडांना सांगण्याची कोणाची हिंमत आहे?

आता कुरआनमधील एका माणसाकडे पाहू. तोही गाव सोडून निघाला होता आणि त्याच्याही हाताला काम नव्हते. सूरह अल-कससमध्ये (आयत २२ ते २९) प्रेषित मूसा (अ.) यांचा मदयनचा प्रवास आला आहे. जिवाच्या भीतीने ते मिस्र सोडून निघाले. मदयनच्या पाणवठ्यावर पोहोचले, तेव्हा जवळ घर नव्हते, ओळख नव्हती, रोजगार नव्हता. तेथे मेंढपाळांची गर्दी होती आणि दोन मुली आपली जनावरे आवरून बाजूला उभ्या होत्या. वडील म्हातारे असल्यामुळे त्यांना यावे लागले होते; मेंढपाळ निघून गेल्याशिवाय त्यांना पाणी पाजता येत नव्हते. मूसा (अ.) यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले, मोबदला मागितला नाही आणि ते सावलीत जाऊन बसले. तेथे त्यांनी आपल्या पालनकर्त्यासमोर कबुली दिली की तू जे काही भले पाठवशील त्याचा मी गरजवंत आहे.

पुढचे आपणांस ठाऊक आहे. त्यांतील एक मुलगी लाजत बोलावणे घेऊन आली आणि तिनेच नंतर वडिलांना सुचवले की यांना कामावर ठेवा, कारण कामावर ठेवण्यास उत्तम माणूस तो, जो सशक्त आणि विश्वासू असतो. त्या वृद्ध गृहस्थांचे नाव कुरआनने सांगितलेले नाही. ते प्रेषित शुऐब (अ.) होते की अन्य कोणी, याबद्दल भाष्यकारांत मतभेद आहेत. त्यांनी आठ वर्षांच्या कामाची अट घातली, दहा पूर्ण करणे ऐच्छिक ठेवले आणि तुमच्यावर मी कष्ट लादू इच्छित नाही, असेही सांगितले. काम देणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य विशेष ध्यानात ठेवावे.

या प्रसंगात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती घटनांची क्रमवारी. 'सशक्त आणि विश्वासू' ही शिफारस कोणत्या काळातील वर्तनावर मिळाली? मूसा (अ.) बेरोजगार होते त्या काळातील. हाती काही नसताना त्यांनी दुसऱ्याचा भार उचलला आणि परक्या मुलींशी अदबीने वागले. म्हणजे रिकामपणाचा काळ हा आयुष्यातून वजा करायचा काळ नव्हे. माणूस कसा आहे हे त्याच काळात लिहिले जात असते. ज्या तरुणाने तीन वर्षे खोटे अनुभवपत्र जोडले नाही, दलालाला पैसे चारले नाहीत, घरात आईवर आवाज चढवला नाही, त्याची ती तीन वर्षे अल्लाहच्या दरबारी कोरी नाहीत. आणि पाणवठ्यावर पाणी पाजणारा तो परदेशी माणूस कामाला लागण्यापूर्वीही अल्लाहच्या लेखी तेवढाच प्रतिष्ठित होता, जेवढा कामाला लागल्यानंतर.

याच सूरहमध्ये पुढे (आयत ७६ ते ८२) मूसा (अ.) यांच्याच कौमचा कारून भेटतो. त्याच्या खजिन्याच्या किल्ल्या उचलणे बलदंड माणसांनाही जड जाई. त्याचे म्हणणे एवढेच की हे सारे मला माझ्या ज्ञानामुळे मिळाले. अखेर तो आपल्या घरासह जमिनीत गाडला गेला. एकाच सूरहमध्ये एक माणूस सावलीत रिकाम्या हाताने बसलेला आहे आणि दुसरा खजिन्यावर. सन्मान कोणाचा झाला, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

कोणी विचारील, मग पेढे वाटू नयेत काय? आनंद करू नये काय? अवश्य करावा. कृतज्ञता हा ईमानाचाच भाग आहे. पण कृतज्ञतेची भाषा प्रेषित सुलैमान (अ.) यांच्याकडून शिकावी. सूरह अन-नम्लमध्ये (आयत ४०) ते आपल्या वैभवाला पालनकर्त्याची कृपा म्हणतात आणि त्याच दमात सांगतात की मी कृतज्ञ होतो की कृतघ्न, याची ही परीक्षा आहे. येथेही तेच परीक्षा घेणे. नोकरीचे पत्र हाती आले की प्रश्नपत्रिका बदलते, इतकेच.

नव्या प्रश्नपत्रिकेतील पहिला प्रश्न नियतीचा, म्हणजे नीयतचा. हजरत कअब बिन उजरा (रजि.) यांच्याकडून तबरानीने उद्धृत केलेल्या हदीसमध्ये एका कष्टाळू, तडफदार माणसाची हकिकत आहे. त्याला लगबगीने जाताना पाहून सहाबांना वाटले की ही तडफ अल्लाहच्या मार्गात असती तर किती बरे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी समजावले की तो लहान मुलांसाठी, वृद्ध मातापित्यांसाठी किंवा स्वतःला हात पसरावा लागू नये म्हणून निघाला असेल, तर तो अल्लाहच्याच मार्गात आहे, आणि दिखावा व बढाई मिरवण्यासाठी निघाला असेल, तर सैतानाच्या मार्गात. बेंबळीहून चाकणला जाणारा रस्ता एकच आहे. तो कोणाचा मार्ग ठरेल, हे आत बसलेल्या माणसावर अवलंबून आहे. तिकडे पोहोचल्यावर आईला रोज दोन मिनिटांचा फोन करणे, ही त्या मार्गाची पहिली खूण.

दुसरा प्रश्न परक्या गावी राहण्याचा. इ.स. ६२२ च्या हिजरतनंतर हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) मदीनेत तापाने फणफणले. बिलाल (रजि.) यांना मक्केच्या दऱ्या, तेथील गवत आठवत असे. प्रेषितांनी (स.) या आठवणीबद्दल त्यांना बोल लावला नाही, उलट मदीना आम्हांला मक्केइतकी किंवा त्याहून अधिक प्रिय कर, अशी दुआ केली. म्हणून खोलीवर रात्री गावाच्या आठवणीने ज्याला रडू येते, त्याने ते ईमानाचे दुबळेपण समजू नये.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण, आणि तो मागे राहिलेल्या मित्राचा आहे. सूरह अल-फज्रमध्ये 'मुळीच नाही' म्हटल्यावर पुढे काय येते? तुम्ही अनाथाचा मान ठेवत नाही, गरजूला जेवू घालण्यासाठी एकमेकांना उद्युक्त करत नाही, वारसा गिळंकृत करता, धनावर बेसुमार प्रेम करता. म्हणजे सन्मान आणि अपमान यांची खरी मोजणी तुमच्या हातात काय आले यावर होत नाही; ज्याच्या हातात काही नाही त्याच्याशी तुम्ही कसे वागलात यावर होते.

याचा आदर्श मदीनेत घडला. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केहून रिकाम्या हाताने आले. प्रेषितांनी (स.) त्यांना हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांचे बंधू ठरवले. सअद (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांना बरकतीची दुआ दिली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. बनू कैनुकाच्या बाजारात त्यांनी पनीर आणि तुपाचा व्यापार सुरू केला. थोड्याच दिवसांत त्यांचे लग्न झाले आणि एका बकरीचा का होईना, वलीमा करा, असे प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले. सहीह बुखारीतील या प्रसंगातून आपण बहुधा अब्दुर्रहमान (रजि.) यांचा स्वाभिमान तेवढा उचलतो. पण बाजाराचा रस्ता दाखवणारा कोणीतरी आधी तेथे होता, म्हणून तो स्वाभिमान उभा राहू शकला.

चाकणला गेलेल्या तरुणा, आज तू मुहाजिर आहेस. सहा महिन्यांनी तू अन्सार होशील. गावातून दुसरा मुलगा मुलाखतीला येईल, तेव्हा त्याला दोन रात्रींची पथारी लागेल, कारखान्याच्या दारापर्यंत सोबत लागेल, जागा निघाल्याची खबर वेळेवर लागेल. अर्धी संपत्ती कोणी मागत नाही. तुझ्या पेढ्याचा खरा गोडवा तेथे ठरेल.

पुढच्या जुम्याला मी त्या दुसऱ्या तरुणाला जवळ बसवून सांगितले की त्या दिवशी मी चुकीचे बोललो होतो. तुझी इज्जत कोणी घालवलेली नाही, कारण ती पगाराच्या चिठ्ठीवर लिहिलेलीच नव्हती. शोध सोडू नकोस, मूसा (अ.) सावलीत बसले ते पाणी पाजून झाल्यावर. तो काही बोलला नाही. पण त्या दिवशी सर्वांनंतर मशिदीच्या चटया त्याने गुंडाळल्या, आणि मला पाणवठा आठवला.

हे अल्लाह, ज्यांना दिलेस त्यांना कृतज्ञतेच्या परीक्षेत उत्तीर्ण कर. जे वाट पाहत आहेत त्यांच्या सोबत राहा, त्यांना हलाल आणि भरपूर रोजी दे. आणि आमच्या जिभेला असे बोलण्यापासून वाचव, ज्याने एकाचे अभिनंदन होताना दुसऱ्याचे मन मोडते. आमीन.