लवंगेची जबानी

पावसाळ्यातल्या एका दुपारी आमच्या घरच्या शाळकरी मुलाने माजघरात तीन बाटल्या मांडल्या, आणि फडताळातल्या डब्यातून वीस-वीस लवंगा मोजून टाकून, एकीत पाणी, दुसरीत गोडे तेल व तिसरीत ओळखीच्या वैद्यांकडून मागून आणलेला मद्यार्क ओतून, बुचे घट्ट लावून तो मोकळा झाला. आठ दिवसांनी उघडून पाहतो तो पाणी तांबूस व तुरट, गंध मात्र बेताचा. तेलाने रंग फारसा न पालटता गंध पदरात घेतलेला. आणि मद्यार्क काळसर होऊन, बूच काढताच सारे माजघर दरवळवणारा. एकाच लवंगेच्या या तीन जबान्या!

रसायनशास्त्राचा खुलासा सरळ आहे. उत्तम लवंगेच्या वजनाचा सुमारे १५ ते २० टक्के भाग उडून जाणाऱ्या तेलाचा, त्यात मुख्यत्वे युजेनॉल. त्याचे मद्यार्काशी व तेलाशी चांगले जमते, पाण्याशी जवळजवळ नाहीच. परंतु मला त्या बाटल्यांपाशी खिळवून ठेवले ते ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील एका वादाने.

वाद जीवाच्या परिमाणाचा आहे. जीव अणुमात्र असून हृदयात राहतो असे मानले, तर गंगेत बुडी मारताच शैत्य सर्वांगाला कसे जाणवते? यावर अणुवादी गंधाचा दाखला काढतो: फूल जागच्या जागी असते आणि गंध दूरवर येतो, तद्वत चैतन्य हा गुणही आपल्या आश्रयाला ओलांडून देहभर पसरतो. फुलाचे सूक्ष्म कणच येत असतील ही शंकाही तो स्वतःच उपस्थित करून खोडतो. कण जात असते तर मूळ द्रव्याचे वजन घटले असते, आणि ते घटलेले दिसत नाही. शंकराचार्यांचे उत्तर असे, की आश्रय सोडून गेलेला गंध हा गुणच उरणार नाही, म्हणून तो द्रव्यासहच जातो. रामानुजाचार्यांनी मात्र जीवाचे अणुत्वच सिद्धांत म्हणून राखले.

शंकराचार्यांचे उत्तर बिनतोड खरे, पण ते वरिष्ठ कचेरीच्या हुकुमासारखे वाटते. गुणाची व्याख्याच पुढे करून फिर्याद निकालात काढलेली. अणुवाद्याने निदान वजनाचा पुरावा मागितला, हे मला अधिक भावते. त्याचा तराजू तेवढा कच्चा होता. अर्थात गंधाचा दृष्टांत ढासळला म्हणून जीवाचा प्रश्न सुटत नाही. दृष्टांत हा साक्षीदार असतो, पक्षकार नव्हे.

कनोजचे अत्तरिये तर भाजलेल्या मातीवरून निघालेली वाफ चंदनाच्या तेलात उतरवून पहिल्या पावसाचा वास कुपीत भरतात. गंध हा पृथ्वीचाच विशेष गुण मानणाऱ्या वैशेषिकांना याहून अनुकूल मुद्देमाल कोणता मिळाला असता?

मद्यार्कातल्या लवंगा मुलाने गाळून कागदावर वाळवल्या. आकार तोच, माथ्यावरची बोंडीही शाबूत. आमच्या आत्याबाईंनी त्यातली एक सहाणेवर ठेचली, नाकाशी नेली, पुन्हा नेली, आणि कागद मुलाकडे सरकवत म्हणाल्या, "बाळा, ह्या मसाल्याच्या डब्यात परत टाकू नकोस हो. ह्या काड्या आहेत."

"पण आत्या, लवंगाच आहेत ना त्या?"

आत्याबाई माझ्याकडे पाहू लागल्या.